सरहद्दीअलीकडे अकरा दिवस

नाशिक
१२ मार्च २०२५

ती. विद्युल्लताताईस,
आल्हादचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला तू भलतीच उत्तरं देतेस, म्हणून आपण पुन्हा टपालाला लागलो. गल्लीत हाताने लिहिलेली पत्रं येणारा मी एकटाच उरलोय, त्यामुळे पोस्टमन मला फार मान देतो.

आज मात्र खरीखुरी बातमी आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या अपूर्वाने तिच्या आजोबांच्या, म्हणजे आपल्या बाबांच्या, युद्धातल्या आठवणी इंटरनेटवर लिहिल्या होत्या. त्या वाचून फ्रान्सहून मादलेन नावाच्या बाईंनी तिला पत्र पाठवलंय. बाई निवृत्त शिक्षिका, म्हणजे तुझ्याच जातकुळीतल्या. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळ त्यांचं खेडं आहे. छावणीतून आपले लोक सुटले त्याची आठवण म्हणून ११ मे रोजी त्या गावात एक छोटा समारंभ आहे.

अपूर्वाने मला सगळी हकिगत पुन्हा सांगायला लावली. दर ११ मेला बाबा पोथी वाचावी तशी सांगायचे, तशीच मी सांगितली. लिबियात पकडले गेले, तिथून इटलीत, मग फ्रान्समधल्या छावणीत. तीन हजार हिंदी कैदी. १९४४ च्या मे महिन्यात दोस्तांच्याच विमानांचे बॉम्ब छावणीवर पडले, माणसं मेली आणि भिंतीही पडल्या. मग जो तो त्या खिंडारातून बाहेर. रानावनातून चालत जवळजवळ पाचशे जण सरहद्द ओलांडून गेले. बाबा आणि जोहराआपाचे वडील अब्दुलकाका, दोघे आपल्या भिवंडीचे, बरोबर निघाले. एका रानात टोळ्या वेगळ्या झाल्या, काका दुसऱ्या वाटेने गेले आणि दोन दिवसांनी सरहद्दीपलीकडे बाबांना लांबून हात करताना दिसले. एवढं सांगून बाबा चष्मा पुसायचे आणि गोष्ट संपायची.

आता गंमत अशी की बाई विचारतात, त्यांच्या आजोबांनी १९४७ साली बाबांना पाठवलेलं पत्र पोचलं होतं का. बाबांचा पत्ता बाबांच्याच अक्षरात त्यांच्या घरी आहे, म्हणे. बाबा कुणा शेतकऱ्याच्या घरी राहिल्याचं मी कधी ऐकलं नाही. शिवाय त्यांच्या गावच्या दफनभूमीत एका हिंदी शिपायाची कबर आहे, तो कोण हेही त्यांना हवंय. तुला काही ठाऊक आहे का? तुझी स्मरणशक्ती आपल्या घरात सगळ्यात चांगली.

गुडघ्याला तेल लावतेस ना? धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
आल्हाद


भिवंडी
३ एप्रिल २०२५

चि. आल्हादास अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्राला उशीर झाला. गुडघा तसाच आहे. खालच्या मजल्यावरचे लूम मालकाने भंगारात काढले आणि जागा गोदामाला दिली. चाळीस वर्षं त्या खडखडाटाला शिव्या दिल्या, आता घर इतकं शांत झालंय की माझ्या कमी ऐकू येणाऱ्या कानांनाही ते कळतं. मानकोलीकडे तर आता ओळखीचं एक शेत दिसत नाही, सगळी गोदामं.

परवा ईद झाली. बंदर मोहल्ल्यात जाऊन आले. जोहराआपा खूप थकली आहे. पंच्याऐंशी पूर्ण झाली तिला. पायांवर सूज असते आणि दोन वाक्यं बोलली की धाप लागते. तरी शीरखुर्मा तिने स्वतः वाढला. तिचा अरशद तिची फार काळजी घेतो. डॉक्टरांनी तिला कसलाही धक्का बसू देऊ नका म्हणून सांगितलंय.

त्या फ्रेंच बाईंना काही कळवू नकोस. ऐंशी वर्षांपूर्वीच्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होणार आहे? बाबा जाऊन सदतीस वर्षं झाली. आपल्याला माहिती नाही, असं नम्रपणे लिही आणि विषय संपव. अपूर्वालाही सांग.

उन्हाळा वाढतोय, दुपारचा बाहेर पडू नकोस. म्हाताऱ्या बहिणीचं एवढं ऐक.

तुझी
ताई


नाशिक
९ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच बाईंचं दुसरं पत्र आलं, त्यामुळे तुझं ऐकणं माझ्या हातात राहिलं नाही. ताई, मी चार दिवस नीट जेवलो नाही. तुला लिहितो ते शांतपणे वाच.

मादलेनबाईंची आई अजून आहे. एक्क्याण्णव वर्षांची. तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिला सगळं आठवतं. मे महिन्याच्या वीस तारखेला दोन हिंदी माणसं त्यांच्या गोठ्याशी आली. एक चष्मेवाला. दुसऱ्याच्या पायावर छावणीची भिंत पडून जखम झालेली, नऊ दिवस त्याच पायाने चाललेला. सरहद्द तिथून फक्त नऊ किलोमीटर. दुसऱ्याला पुढे एक पाऊल टाकता येईना. चष्मेवाला दोन दिवस त्याच्याजवळ राहिला. मग त्याने खुणांनी, नकाशा काढून, घरच्यांना समजावलं की मी पलीकडे जातो, माणसं आणि डोली घेऊन तीन दिवसांत परत येतो. आपला पत्ता कागदावर लिहून दिला आणि गेला.

परत कुणी आलं नाही. माळ्यावर एक खिडकी होती, तिच्यातून सरहद्दीकडचा रस्ता दिसे. जखमी माणूस आपली गवताची गादी ओढत तिच्याखाली घेऊन गेला. ही मुलगी त्याला दूध द्यायला जायची. तिला पाहून तो हाताने एवढी एवढी अशी उंची दाखवायचा, मग छातीवर हात ठेवून एकच शब्द म्हणायचा. पाय काळा पडला. डॉक्टर आणायचा तर जर्मनांना कळलं असतं आणि घर जाळलं गेलं असतं. अकरा दिवस तो त्या खिडकीखाली होता. २ जूनला गेला. छातीवर हात ठेवून म्हणायचा तो शब्द म्हणजे त्याचं नाव, असं घरच्यांना वाटलं, म्हणून त्यांनी लाकडी क्रुसावर ते कोरलं. पुढे दगड बसवला, त्यावरही तेच.

सोबत फोटोची प्रत आहे. रोमन अक्षरं तुला वाचता येतीलच. तिथे जोहरा असं लिहिलंय.

ताई, बाबांना अब्दुलकाका पलीकडे हात करताना दिसले नव्हते. आणि १९४७ चं ते पत्र त्यांना पोचलं असणार, कारण पत्ता बरोबर होता. तू मला उकरू नको म्हणालीस. तुला हे माहीत होतं का? एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

आल्हाद


भिवंडी
१६ एप्रिल २०२५

चि. आल्हाद यास आशीर्वाद.

हो, मला माहीत होतं. एकोणतीस वर्षं.

१९९६ मध्ये आई अंथरुणाला खिळली. तेव्हा एका दुपारी तिने मला तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेतून एक पाकीट काढायला लावलं. ते शेतकऱ्याचं पत्र होतं, अब्दुलकाका गेले आणि क्रुसावर जोहरा असं नाव कोरलं, हे कळवणारं. बाबांनी मुंबईला एका पाद्र्याकडून ते वाचून घेतलं होतं, आणि त्या रात्रीपासून बाबांना झोप लागली नाही ती शेवटपर्यंत, असं आई म्हणाली. मला तिने जे सांगितलं ते तुला सांगते. माझ्या पदरचं त्यात काही नाही.

बाबा सरहद्द ओलांडून गेले तेव्हा पलीकडच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं की मागे कुणी राहिलंय का. बाबा नाही म्हणाले. हो म्हटलं तर वाट दाखवायला आपल्यालाच पुन्हा पाठवतील, ही भीती वाटली. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर काल खोटं का बोललास असं विचारतील, म्हणून परवावर गेलं. असे तीन दिवस गेले आणि मग सांगण्यात अर्थ उरला नाही असं त्यांनी स्वतःला पटवलं. तो शेतकरी चांगला आहे, अब्दुल तिथे सुखरूप असेल, लढाई संपली की येईल, अशी मनाची समजूत घालून ते १९४५ ला घरी आले.

बाबा स्टेशनवरून येत होते तेव्हा अब्दुलकाकांच्या बायको खैरुनचाची पाच वर्षांच्या जोहराला कडेवर घेऊन वाटेतच उभ्या होत्या. त्यांना बाबांनी सांगितलं की अब्दुल पलीकडे पोचला, मी डोळ्यांनी पाहिला, पुढच्या बोटीने येईल. तेव्हा ते सगळंच खोटं होतं असं मला म्हणवत नाही. त्यांनाच ते खरं असावं असं वाटत होतं.

पण पुढचं काय म्हणशील? १९४८ मध्ये सैन्याचा कागद आला की अब्दुल बेपत्ता आहे, मृत समजावा. मौलवींनी चाचींना इद्दतीला, म्हणजे विधवेच्या सुतकाला, बसायला सांगितलं. त्या कागद घेऊन आधी आपल्या घरी आल्या. एकट्या अवधूत मास्तरांनी त्यांना शेवटचं पाहिलं, ते म्हणतील तसं करीन, असं बाबांकडे बघून म्हणाल्या. तेव्हा पाकीट येऊन वर्ष झालं होतं, आल्हाद. आतल्या खोलीत ट्रंकेत होतं. आणि बाबांनी सांगितलं की सैन्याच्या कचेरीत अशा चुका फार होतात. चाची कागदाची घडी करून निघून गेल्या. इद्दतीला बसल्या नाहीत, हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत. पुढे खारबावचा कुणी खलाशी सांगत आला की तिकडे पुष्कळांनी गोऱ्या बायका केल्या आणि राहिले. तेव्हापासून चाची नवऱ्याला शिव्याशाप देऊ लागल्या, ते मरेपर्यंत.

आपण बाबांना देवमाणूस समजायचो. जोहराला बोटाला धरून शाळेत नेणारे, मोहल्ल्यात कुणी हसलं तर त्याच्या अंगावर धावून जाणारे, तिच्या लग्नात तिच्या मामांच्या बरोबरीने राबणारे. ते सगळं केलं, आणि एका ओळीचं उत्तर त्या शेतकऱ्याला लिहिलं नाही. माझ्या मित्राचं नाव चुकलंय, तेवढं सुधारा, एवढंसुद्धा नाही. कारण तसं लिहिलं तर पत्र पोचल्याचं कबूल करावं लागलं असतं.

आता माझं. आई गेल्यावर मी ते पाकीट घेऊन बंदर मोहल्ल्यात गेले होते. चाची ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सांगू लागल्या की माझ्या नवऱ्याने आम्हाला उकिरड्यावर टाकलं, पण तुझ्या बापाने उचललं, त्याची कबर नूराने भरो. बाबांना जाळलं होतं, कबर नव्हती, पण त्यांच्या तोंडी दुवा तशीच आली. मी चहा प्यायले आणि परत आले. त्यानंतर चाची सात वर्षं जगल्या. दर ईदेला मी गेले. दर वेळी ठरवून गेले.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. ती तुझ्याकडे मागायची नाही.

ताई


नाशिक
२१ एप्रिल २०२५

ताईस नमस्कार.

रागाने लिहिलेली दोन पत्रं फाडली. हे तिसरं.

गावात नवा दगड बसणार आहे. त्यावर खरं नाव कोरायचं म्हणून बाई विचारत आहेत, आणि घरच्या माणसाच्या होकाराशिवाय नाव बदलायचं नाही असा तिथला नियम आहे. घरचं माणूस म्हणजे जोहराआपा. समारंभाआधी कळवायचंय.

डॉक्टरांचं मला कळतं. तिला काही झालं तर ते आपल्या माथी येईल, हेही कळतं. पण बाबा तीन दिवस उद्या सांगू म्हणत राहिले आणि तू सात वर्षं. आता मीही जोहराआपाच्या मरणाची वाट बघत बसू का? ते माझ्याने होणार नाही. तू सांगणार असशील तर तू सांग. नाही तर २७ तारखेला मी भिवंडीला येतो आणि सांगतो.

गोळ्या वेळेवर घे. रागावलो असलो तरी तुझाच आहे.

आल्हाद


भिवंडी
२८ एप्रिल २०२५

चि. आल्हादास आशीर्वाद वि. वि.

तू येऊ नये म्हणून काल सकाळी मीच गेले. अरशदला आधी बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला की अम्मीला सांगायलाच पाहिजे, पण तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून मी सांगणार नाही.

आपा पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी पाकीट आणि फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. गोठा, पाय, नऊ किलोमीटर, खिडकी. बाबांचं नाही म्हणणं. १९४८ चा कागद. माझी सात वर्षं. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला हाकलून देईल. मला ऐकू कमी येतं म्हणून ती नेहमी मोठ्याने बोलते, पण काल इतकं हळू बोलली की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. तिने विचारलं, की अकरा दिवस म्हणजे शुद्धीवर किती? मी म्हटलं, माहीत नाही. मग तिने विचारलं की तुझ्या बाबांना हे पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत गेले होते का, आणि गेले असेन तर कुणी सोडलं? बाबांनीच सोडलं असणार.

तिने फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. नाव वाचलं. मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. नेहमी मला दारापर्यंत सोडायला कुणाला तरी उठवते. काल कुणाला हाक मारली नाही. मी माझी माझी उतरून आले.

तिची तब्येत तशी स्थिर आहे, असा अरशदचा निरोप आहे. मला आज उठवत नाही. असू दे.

तुझी
ताई


भिवंडी, बंदर मोहल्ला
५ मे २०२५

आल्हाद आणि विद्युल्लता यांस,
जोहराचा सलाम.

हे पत्र मी बोलते आहे आणि माझी नात अलिजा लिहिते आहे. एकच पत्र आहे, विद्युल्लताने वाचून नाशिकला पाठवावं.

पहिलं काम. दगडावर नाव लिहायचं ते अब्दुल लतीफ खतीब. राहणार भिवंडी. उमर सत्तावीस. माझं नाव तिथून काढायला सांगा. मी जिवंत आहे. त्या घरच्या बाईला माझे सलाम कळवा. दहा वर्षांच्या पोरीने माझ्या बावांना दूध दिलं, अल्ला तिचं भलं करो. समारंभाला आमच्यापैकी कुणी येणार नाही.

आता दुसरं. माझी सोयरीक दोनदा मोडली हे तुम्हाला माहीत नसेल. मुलगी चांगली आहे, पण बाप गोरीमागे पळाला, तर रक्त कसलं, असं लोक म्हणाले. तिसऱ्यांदा निकाह ठरला तेव्हा काजींनी विचारलं की मुलीच्या बाजूने होकार देणारा वली म्हणून बाप का नाही, हयात आहे की गेला? अम्मा भर मजलिसीत म्हणाली की हयात आहे, पण आमच्यासाठी मेला. पडद्याआड मी ऐकत होते आणि मलाही ते खरं वाटलं. आयुष्यभर मी माझ्या मुलांना आजोबांचं नाव सांगितलं नाही. नमाजनंतर सगळ्यांसाठी दुवा मागितली, त्यांच्यासाठी नाही. ते एका खिडकीखाली माझं नाव घेऊन मेले.

अवधूतकाकांचा हात मला आठवतो. माझं सगळं बालपण त्या हातात गेलं. ते घाबरले, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, त्या जागी कोण घाबरलं नसतं. पण १९४८ ला अम्मा त्यांच्या दारात उभी होती. तेव्हा तिथे जर्मन नव्हते. ती तीस वर्षांचीही नव्हती. ते एक शब्द बोलले असते तर ती विधवा झाली असती, चार महिने दहा दिवस रडली असती आणि मग माणसात आली असती. तसं होऊ दिलं नाही. विद्युल्लता, तुझ्याबद्दल मी विचार करून पाहते, पण माफ करणं अजून होत नाही.

शुक्रवारी मी अरशदला म्हटलं की मला कब्रस्तानात ने. बायका आत जात नाहीत, तर मी फाटकाशी रिक्षात बसते, तू आत जा, अम्माच्या कबरीशी उभा राहा आणि तिला सांग, की तो पळाला नव्हता. एवढंच सांग. तो गेला. बराच वेळ आला नाही. मग आला तो घामाने भिजून. आमच्यात कबरी कच्च्या असतात, वर दगड नाही. अम्मा गेली २००३ ला. तिथल्या राखणदाराने सांगितलं की त्या रांगा दोनदा नव्याने खणल्या गेल्या, आता त्या जागेवर दुसरी माणसं आहेत, कुठली कबर कुणाची ते त्यालाही माहीत नाही. अरशद सगळ्या रांगांतून फिरला. त्याने मला विचारलं की अम्मी, मी कुठे उभं राहून सांगू?

आम्ही रिक्षा वळवून घरी आलो.

पूर्वीसारखा लोभ ठेवा, असं आता लिहवत नाही. तुम्हीही मागू नका.

जोहरा